खुर्ची तुमचीच राहील

अंधेरी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत वनमालाबाई उभ्या होत्या. पुढे दोन तरुण मैत्रिणी बोलत होत्या. बस काही येईना, म्हणून बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“नीला, नवी कंपनी मानवली का गं?”

“कसली मानवतेय, उत्तरा! आधी शेठकडे आम्ही पाच टाळकी. टायपिंग मी, फोन मी, शेठच्या पोरीचा वाढदिवससुद्धा मीच लक्षात ठेवायचा. इथे एवढं मोठं ऑफिस, पण दिवसभर नुसतं टायपिंग. कुणी साधं नावही विचारत नाही.”

“मग सोडतेस की काय?”

“सोडायलाच गेले होते परवा. दिवस गेलेत ना मला.”

“अय्या! आणि हे आत्ता सांगतेयस?”

“आमच्या चिऊच्या वेळी शेठनी हौसेनं ओटी भरवली, साडी दिली, आणि माझ्या जागी दुसरी मुलगी ठेवली. म्हटलं, इथे ते काढायच्या आत आपणच सांगावं.”

“मग?”

“साहेब म्हणाले, ‘सोडता कशाला? बाळंतपणाची पगारी रजा मिळते. खुर्ची तुमचीच राहील.’ माझे डोळेच भरून आले.”

“देवमाणूस गं!”

“छे गं, ते सगळ्यांनाच असं सांगतात. नियमच आहे तिथला. म्हणून तर जास्त रडू आलं.”

तेवढ्यात बस आली. वनमालाबाईंनी पुढे होऊन नीलाच्या हातातली पिशवी घेतली.

“तू चढ आधी,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”