शनिवार मोकळा

(सिंगापूरच्या आंग मो किओ भागातला उद्धवचा फ्लॅट. बारमध्ये वाजवणाऱ्या त्याच्या बँडमधला बेस गिटारवाला प्रबोध दुपारी भेटायला आलाय.)

प्रबोध : ते राहू दे. आधी हात दाखव. डावा.

उद्धव : बघ. अंगठा वळतो, दोन बोटं वळतात. उरलेली दोन मात्र स्ट्रोक आल्यापासून तशीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आलंय तेवढंच.

प्रबोध : अरे, होईल हळूहळू.

उद्धव : बारवाला काय म्हणाला, ते सांग.

प्रबोध : बँड ठेवतोय. पण गिटारला दुसरा माणूस घ्या म्हणतो. मनिलाचा रोमेल आहे ना, तो.

उद्धव : चांगला वाजवतो. घ्या त्याला. मी नुसता गाईन. कंट्री म्युझिकमध्ये शेवटी काय, गोष्ट सांगायची असते.

प्रबोध : उद्धव, परवा गायलास तू.

उद्धव : एक कडवं चुकलं. कबूल.

प्रबोध : कडव्याचं नाही रे. शब्दच कळत नव्हते लोकांना. जीभ जड झालीय तुझी. पुढच्या टेबलावरचे हसत होते. बॉस, त्यांना वाटलं तू पिऊन आलायस.

उद्धव : स्टेजवर मी कधी थेंब घेतला नाही.

प्रबोध : मला सांगतोस?

उद्धव : पुण्याहून आलो तेव्हा तेलाच्या रिगवरचे अमेरिकन यायचे. आठवतं? टेक्सासचा तो धिप्पाड माणूस माझं गाणं ऐकून रडला होता. म्हणाला, तू आमच्याच गावचा.

प्रबोध : आठवतं ना. तुला उचलून घेतलं होतं त्यानं, गिटारसकट.

उद्धव : बँडचं नाव? 'उद्धव अँड द बॉइज' ठेवतोय ना तो?

प्रबोध : ...पोस्टर छापून झालं. 'रोमेल अँड द बॉइज'.

उद्धव : तू काय म्हणालास?

प्रबोध : हो म्हणालो. माझं सोड, पण ड्रमवाला, कीबोर्डवाला, दोघांचे इथले कामाचे पास त्या बारच्या नावावर आहेत. बँड गेला तर त्यांना देश सोडावा लागेल.

उद्धव : बरोबर केलंस.

प्रबोध : शिव्या दे रे दोन. बरं वाटेल मला.

उद्धव : नाही. मीही हेच केलं असतं. विभा, काकांना चहा दे गं.

विभा : आणलाय. काका, घ्या. बाबा, मी आतून ऐकलं सगळं. या शनिवारी माझ्याकडे सेंगकांगला या. राहायलाच या.

उद्धव : येईन. आता काय, शनिवार मोकळाच. पण संध्याकाळी करतात काय गं लोक घरी? मी कधी घरी नव्हतोच. तुझी आई होती तेव्हा तुम्ही दोघी काय करायचात?

विभा : काही नाही, बाबा. तुमची वाट बघायचो.