बोर्डावरची बाई

जिद्द कशाला म्हणतात, ते आमच्या गौराक्कांकडून शिकावं. माझ्या चादरीच्या दुकानापुढं त्या रोज बुट्टीभर कडक भाकरी घेऊन विकायला बसतात. बाजाराचा रस्ता नवा करायला घेतला, तेव्हा कामावरचे साहेब त्यांना म्हणाले, "आजी, उद्यापासून इथं बसू नका. बाजार सुंदर करायचाय."

अक्का उठल्या. बुट्टी डोक्यावर घेऊन थेट कोपऱ्यावरच्या बोर्डापाशी गेल्या. नवा बाजार कसा दिसणार, त्याचं हे मोठं रंगीत चित्र होतं तिथं. साहेब त्यांच्या मागं, अन् दुकान उघडं टाकून मी साहेबांच्या मागं.

अक्कांनी चित्रावर बोट ठेवलं. "हितं झाडाखाली बुट्टी घेऊन बसलीय, ती कोण?"

"ती होय? कुणी नाही. बाजार जिवंत वाटावा म्हणून काढलीय."

"हिच्या मागचं दुकान कुणाचं?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "माझंच की!"

अक्का तशाच माघारी आल्या, जुन्या जागी बुट्टी ठेवली अन् मांडी घालून बसल्या. "साहेब, बाई बसली बघा. आता झाड तेवढं लावा."