फ्रिजवरचं वेळापत्रक

मुलांच्या दवाखान्यात बाकावर दोन आजोबा बसले होते. एकाच्या मांडीवर नातू.

"सुनेनं फ्रिजवर ह्याच्या विकासाचं वेळापत्रक लावलंय. सोमवारी डबे वाजवणे, मंगळवारी पाण्यात खेळणे. रोज पुराव्याला फोटो पाठवायचा."

"वा. निवृत्तीनंतर नोकरी लागली म्हणायची."

"म्हणून मी आठवड्याचे पाचही फोटो सोमवारीच काढून टाकतो."

"आणि बाकीचे दिवस?"

"हा माझी चप्पल चावतो, मी पेपर वाचतो. दोघांचाही विकास होतो."

"सुनेला पत्ता लागला नाही?"

"लागला की. ह्याचे कपडे पाचदा बदलले, माझा शर्ट मात्र तोच राहिला."

"मग तुम्हाला चांगलंच झाडलं असेल."

"छे. म्हणाली, बाबा, शर्ट तेवढा बदलत जा. मी हे फोटो ऑफिसात दाखवते."