मानसिक स्थिती : चांगली

दि. १९/११/२०२४

मी रंजीता सुनिल रामटेके, वय ४८ वर्षे, धंदा शेती व अंगणवाडी मदतनीस, रा. मोहबोडी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

लटारू रामाजी मेश्राम, वय ५३, हा माझा सख्खा मोठा भाऊ आहे. तो दि. १४/०२/२०१२ रोजी घरून निघून गेला होता. आता मिळून आल्याने त्याची हरविल्याची नोंद बंद करण्यासाठी हा जबाब देत आहे.

भाऊ वडशाच्या एका कंपनीत झाडीपट्टीच्या नाटकांत काम करीत असे. दिवाळीनंतर नाटके सुरू होत. त्याआधी तो गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर फिरून संवाद पाठ करी. मी नाटकाची वही घेऊन पळसाखाली बसे. तो अडला की मी पुढचा शब्द सांगे. तेव्हा मी शाळेत होते. लग्नानंतरही माहेरी आले की वही माझ्याकडेच असे. आई धान कापून परतताना बांधावरून हाक मारी. भाऊ राजाच्या आवाजात ओ देई. सोबतच्या बाया हसत. हे जबाबात लागत नसेल तरी लिहावे, असे मी सांगितले.

सन २००९ मध्ये वडील वारले. त्या हिवाळ्यात भावाची झोप गेली. तो दिवसभर पाळीवर बोलत फिरे. गावाला वाटे पाठांतर चालू आहे. मलाही तसेच वाटले. मी वहीत पाहिले. तो बोलत होता ते वहीत नव्हते. विचारल्यावर म्हणाला, "रंजू, तो मानूस मले सांगून राह्यला. तुले आयकू येत नाई का?" तिथे कोणी नव्हते.

कोणी बाहेरची बाधा सांगितली, कोणी नाटकाने डोके फिरले म्हणाले. आम्ही बौद्ध, तरी आईने दोन ठिकाणी उतारा करून पाहिला. दवाखान्यात आम्ही नेले नाही. दोन वर्षे असेच चालले. दि. १४/०२/२०१२ रोजी सकाळी चहा पिऊन तो बोडीकडे गेला, तो परत आला नाही.

दि. ०२/११/२०२४ रोजी या ठाण्यातून फोन आला, की तेलंगणातील एका निवारा संस्थेत एक इसम आमच्या गावाचे नाव सांगतो. मी व पती तेथे गेलो. भावाला मी ओळखले. त्यानेही ओळखले. त्याने विचारले, "माय कुठी आहे?" आई २०१९ मध्ये वारली, असे मी सांगितले. मग तो म्हणाला, "मले कळवलं काऊन नाई?"

तेथील डॉक्टर रश्मी मॅडम यांनी घरात आणखी कोणाला असे होते का, विचारले. वडिलांची बहीण ठमाबाई अशीच एकटी बोलत असे, हे मी प्रथमच कोणाला सांगितले. घरात तिचे नाव काढत नसत. मॅडम म्हणाल्या, की काही रक्तातून येते, काही दुःखाने व जागरणाने उफाळते, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही; पण हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. औषध सुरू झाल्यावर आठ महिन्यांत भावाने गावाचे नाव सांगितले होते.

सन २०१२ मध्ये हरविल्याची नोंद करताना जमादारांनी भावाची मानसिक स्थिती विचारली होती. मी 'चांगली' असे सांगितले. धाकटी बहीण दिव्या हिची सोयरीक जुळत होती, ती मोडेल अशी भीती होती. आई शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे फक्त पाहिले. त्यामुळे भावाचा शोध नाटक कंपन्यांत व मित्रांकडे झाला. मनोरुग्णालयांत कोणी विचारले नाही. दिव्याचे लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झाले.

नोंद बंद करायला हे लिहिण्याची गरज नाही, असे आजच्या जमादारांनी सांगितले. ते माझ्या आग्रहावरून लिहिले आहे. त्या वेळचे माझे सांगणे खोटे होते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना भाऊ लटारू शेजारी बसून ऐकत होता. त्याला विचारले असता त्याने काही हरकत नसल्याचे सांगितले.

सही
रंजीता सुनिल रामटेके