बंद पडणारी गाडी

— नाही हो, ही नको. ही फारच चांगली आहे. तुम्ही हसताय, पण मी खरंच विचारतोय, भाऊ — यापेक्षा जरा वाईट काही नाही का तुमच्याकडे? ती कोपऱ्यातली पांढरी, जिच्या काचेवर इतकी धूळ आहे की कोणीतरी बोटाने बदाम काढून गेलंय, ती कशी आहे? चालू होते का? — होते. बरं. आणि तिच्या मागची? — तीही होते. तुमच्याकडे सगळंच चालू होतं म्हणजे पंचाईतच झाली. आणि एक विचारू का, या सगळ्या गाड्या डॉक्टरांनीच वापरलेल्या कशा? मगाशी बाळला सांगत होतात — ही एका डॉक्टरांची, ती दुसऱ्या डॉक्टरांची, घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. या गावातले डॉक्टर पेशंट तपासतात कधी? — रागावू नका, गंमत केली. बसतो, हो, बसतो इथे. ते चक्कर मारून येईपर्यंत बसायचंच आहे.

बाळ म्हणजे तो, आत्ता तुमच्या मेकॅनिकला शेजारी घेऊन निळी गाडी घेऊन गेला तो. केस पिकायला लागलेत त्याचे, ऑफिसात लोक त्याला बघून उभे राहतात म्हणे, पण माझ्या तोंडी बाळच बसलंय. मागच्या सीटवर बसलीय ती त्याची मुलगी, चिमणी. — छे छे, मी वडील कुठला? मी घरी कामाला आहे. तो काका म्हणतो म्हणून तुम्हाला वाटलं असेल. त्याच्या वडिलांचा मी ड्रायव्हर. मोठी गाडी होती तेव्हा, मीच पुसायचो, मीच चालवायचो, बाळला शाळेत सोडायचो. थोरले साहेब गेले, गाडी विकली, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, आता या वयात तुम्ही जाणार कुठे, स्वयंपाकघर बघा. म्हटलं बघतो. येत काहीच नव्हतं. सुरुवातीला सगळे खाली मान घालून गुपचूप जेवायचे, जणू घरात काही वाईट घडलंय. मग आलं हळूहळू. आता बाईसाहेबही नाहीत. पण मी आहे — स्वयंपाकघर आहे, त्याच्या मागची माझी खोली आहे. आहे म्हणजे, या महिनाअखेरपर्यंत आहे.

नाही, काढलं नाही हो मला. तसं असतं तर सोपं होतं, चार शब्द मीही बोललो असतो. सूनबाईंची आई येतेय राहायला. तिचे पाय गेलेत, जिना चढवत नाही, आणि खालच्या मजल्यावर झोपण्यासारखी खोली ती एकच. आता त्या म्हातारीला काय वर उचलून न्यायचं? मीच म्हणालो, मी पुतण्याकडे राहीन, रोज येईन. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भली बाई आहे. पण पुतण्याचं घर पडलं पार गावाबाहेर, बस नाक्यापर्यंतच येते, पुढे नुसता रस्ता. तर बाळ काय म्हणाला? जेवताना म्हणाला, घास हातातच होता त्याच्या — "काका, तू मला गाडी शिकवलीस, आता मी तुला गाडी घेऊन देतो." आणि हसला. लहानपणी परीक्षेत पास झाला की धावत गाडीपाशी यायचा ना, अगदी तसा हसला.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. ऑफिसातून आला की फोनवर गाड्या बघत बसतो, चिमणीला मांडीवर घेऊन. स्वस्त हवी, कारण त्यालाही हात आखडूनच करायचंय सगळं — पण भरवशाची हवी. तुम्हाला किती वेळा सांगितलं त्याने? रस्त्यात बंद पडता कामा नये, काका एकटा असतो, त्याला गाडी ढकलणं जमायचं नाही. खाली वाकून बघितलं, बॉनेट उघडून बघितलं, टायरला हात लावून बघितलं. सगळं मीच शिकवलेलं. तुम्ही म्हणालात, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, वा.

म्हणून विचारतो, भाऊ. बंद पडणारी द्या ना एखादी. तो येईल तेव्हा गोड बोलून तीच त्याच्या गळ्यात मारा. चार दिवस चालू दे, मग पुतण्याच्या दारात जी उभी राहील ती राहील. मी म्हणेन, जाऊ दे बाळ, नशिबात नव्हती, मी आपला नाक्यापर्यंत चालत जातो, तिथून बसने येतो. चालायला काही वाटत नाही मला. — अहो, तुमचं नाव कसं खराब होईल? मी आहे ना सांगायला, की मीच मागितली. — नाही, ते सांगता येणार नाही, हेही खरं.

मग असं करा. निळीतच काहीतरी खोट काढा. म्हणा, इंजिनाचा आवाज बरा नाही. म्हणा, कुठेतरी ठोकलेली आहे, आत्ता आठवलं. — दुसरीकडे जाईल? हो. जाईल तो. आज सुट्टी काढलीय त्याने, संध्याकाळपर्यंत गाव पालथं घालेल. हट्टी आहे. लहानपणी सायकल शिकताना दोन्ही गुडघे फोडून घेतले पण माझा हात धरला नाही.

काय? चहा? कधी ठेवलात? — अरे, निवला की. नाही नाही, दुसरा नको, असाच घेतो. माझं लक्ष नव्हतं. तुम्ही मगाशी हात पुढे केलात तो कपासाठी केलात होय? मला वाटलं — नाही, खरं तर काहीच वाटलं नाही. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. लक्ष नव्हतं म्हणालो ना.

बरं, सांगतो. तुम्ही परके आहात, पुन्हा भेट होईल न होईल. मला तुमचा चेहरा दिसतो. अगदी स्वच्छ दिसतो. मिशी कातरलीत ती डावीकडे जरा जास्त कातरली गेलीय, तेही दिसतं. पण तुमचे हात कुठे आहेत, ते मला ठाऊक नाही. कप टेबलाच्या कडेला होता, तो माझ्या लेखी नव्हताच. एखाद्या नळीतून बघावं ना, तसं आहे. नळीत जे येतं ते लख्ख, नळीच्या बाहेर — अंधार म्हणावं तर अंधारही नाही, काहीच नाही. आणि नळी बारीक होत चाललीय. मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो, पुतण्याकडे जातो सांगून. डॉक्टरीणबाई पोरवयाच्या होत्या, पण नीट समजावलं त्यांनी. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे आतली शीर वाळण्याचं आहे, गेलं ते परत येत नाही, थेंब घालायचे म्हणजे उरलंय ते जरा टिकतं. थेंबांची बाटली चहाच्या डब्यामागे ठेवतो. गाडी चालवता का, असं विचारलं त्यांनी. मी हसलो. म्हटलं, बाई, गाडीच कुठे आहे?

तेव्हा नव्हती ना गाडी. कोणाला माहीत होतं?

घरात कुणाच्या लक्षात येत नाही. कसं येईल? स्वयंपाकघर माझ्या हातांना पाठ आहे. मीठ इथे, सुरी तिथे, दाराची कडी इथे. वस्तू हलली नाही की माझं काही अडत नाही. एकदा सूनबाईंनी काचेची बशी कट्ट्याच्या कडेला ठेवली, माझ्या कोपराने पडली, फुटली. त्याच मला म्हणाल्या, माझंच चुकलं काका, कडेला ठेवायला नको होती. मी काचा गोळा केल्या.

— सांगून टाका म्हणता. तुम्हाला काय वाटतं, प्रयत्न नाही केला? एकदा तोंड उघडलं तर बाळने फोन पुढे केला, हा रंग आवडतो का म्हणून. एकदा अंगणात गाठला त्याला, म्हटलं, बाळ, गाडी राहू दे. तर म्हणाला, तू खर्चाचं मनावर घेऊ नकोस. एकदा तर लायसन्सचं कारण पुढे केलं, म्हटलं संपलं असेल. कपाटातून काढून बघितलं त्याने, मुदत आहे अजून. डोळे चांगले होते तेव्हा नवं करून घेतलेलं. त्यालाच आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर, सांगितलं की काय होईल, ते मला माहीत आहे. रागावणार कोणी नाही. तेच तर अवघड आहे. म्हणतील, काका, आता बास, खूप केलंत, आता आराम करा. पुतण्याच्या घरी एक कोपरा देतील, खाट देतील, हे लोक दर महिन्याला भेटायला येतील काहीतरी घेऊन. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मग म्हटलं, जे थोडं दिसायचं उरलंय, ते त्या घरात संपू दे. पुतण्याची भिंत बघण्यात नको. चिमणीचे पुढचे दोन दात पडलेत, नवे यायचेत. तेवढे बघावेत. एवढंच आहे हो. फार मोठं काही नाही.

आणि नुसतं माझं यायचं-जायचं असतं, तर एखाद वेळी — नाही, तरी नाहीच. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात. पण सूनबाईंनी वर आणखी एक सांगून ठेवलंय. चिमणीची शाळा बाजाराच्या रस्त्यावर आहे. म्हणाल्या, गाडी आलीच आहे तर दुपारी तिला तुम्हीच आणत जा काका, रिक्षावाल्यावर माझा भरवसा नाही. तुमच्यावर आहे. — ऐकलंत? माझ्यावर आहे. मी मान हलवली. भाऊ, मी मान हलवली. त्या रात्रीपासून झोप नाही मला.

चिमणीला तेवढं कळलंय. कळलंय म्हणजे, तिला तो खेळ वाटतो. बागेत नेतो मी तिला, हात धरून. मागे एकदा बाजूने सायकलवाला आला, मला दिसलाच नाही, कोपर सोलवटलं. तिने मला ओढलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. मग मीच तिला म्हटलं, तू माझी क्लीनर. ट्रकवर क्लीनर असतो ना, बाहेर डोकं काढून बाजू बघतो, तसं तू सांगायचं. तर आता सांगते. "आजोबा, उजवीकडे कुत्रा. आजोबा, खड्डा. जाऊ द्या, जाऊ द्या." हाताने गाडी थोपटल्यासारखं माझ्या मांडीवर थोपटते. पहिलीतली पोर. तिच्या जिवावर मी रस्ता ओलांडतो, आणि तिची आई म्हणते, तुमच्यावर भरवसा आहे.

— आले का? हो, हॉर्न मारण्याची पद्धत ओळखली मी. तुम्ही उठू नका एकदम, जरा थांबा. भाऊ, मी काही मागितलं नाही तुमच्याकडे आजवर, म्हणजे कसं मागणार, आजच भेटलोय. पण तुम्ही गाडीचे धनी आहात, तुमचं तो ऐकेल. एवढंच म्हणा, की विकली गेली. आत्ताच फोन आला, डॉक्टरांनीच परत मागितली. काहीही म्हणा. मी तुमच्याकडे बघत उभा राहतो, तुम्ही बोला.

— हां, बाळ. — छान चालते? — आवाज नाही काही? चढावरही नाही? — वा. — अं? मी? मी कशाला चक्कर मारू, तू बघितलीस ना, झालं की. — नको रे, आत्ता नको, चहा घेतोय. — हो, हात बसायला हवा, खरं आहे. — कुठे आहे किल्ली? — इकडे आहे होय. तू कधीचा धरून उभा आहेस? माझं लक्ष नव्हतं.

भाऊ, तुम्ही काही सांगणार होतात ना याला? — ते निळीबद्दल. — मगाशी म्हणत होतात ना काहीतरी? — नाही? — वहीत काय बघताय भाऊ, इकडे बघा.

चिमणे, तू पुढे कशाला येऊन बसलीस? मागे बस बरं. — काय? — मोठ्याने बोल, ऐकू नाही आलं. — क्लीनर. हो, तू क्लीनर. "मी बाजू सांगते, तुम्ही चालवा." — ऐकलंस का बाळ, काय म्हणते ती? — हसू नकोस. नाही, गंमत नाही ती. हसू नकोस रे. पट्टाही लावून बसलीय.

बाळ, ही किल्ली घे. हात कुठाय तुझा? — हां. घे. आणि तिला खाली उतरव. — आधी उतरव, मग सांगतो. उतरव तिला.

भाऊ, तुम्ही जरा आत जाऊन बसा. आमचं घरचं बोलणं आहे.