पळसदरीचा गारवा

कर्जतच्या दवाखान्यात नंबर काही लवकर लागायचा नव्हता. सोमीनं बाकावर पाय वर घेतले आणि शेजारच्या मायलेकींच्या बोलण्याकडे कान लावला.

“अम्मी, मोबाइलवर बघ. काल पळसदरीच्या धरणावर काढलेलं चित्र.”

“सुरेख झालंय गं इल्मा. पन ह्यात ऊन कुठं हाय?”

“ऊन जाणवलंच नाही. तिथं बसून जे जाणवतं तेच मी रंगवते. भर दुपारी काय गारवा होता!”

“व्हता खरा.”

“त्या झाडाखाली बसले ते बरं झालं.”

“कुठल्या झाडाखाली?”

“डोक्यावर होतं ना, ते. इतकी रमले होते, मान वर करून बघितलंच नाही. तू कंटाळली असशील, नुसती माझ्यामागं उभी राहून.”

“नाय गं.”

“मग आज खांदा कशानं धरला?”

“वय झालं आता.”

तेवढ्यात डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“हात वर करा बघू. किती जातो?”

“येवढाच. डॉक्टर, रविवारपर्यंत बरा करा. हिला परत धरणावर बसायचंय, आनि डाव्या हातानं मला छत्री नीट धरता येत नाय.”