पाणी कधी सोडायचं

लिहून घ्या, माझा जन्म इथला, परभणीकडच्या पिंगळीजवळचाच. वडील कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायचे, शेत होतं चार एकर पण ते दुसऱ्याला वाट्यानं दिलेलं, त्यामुळं मातीला माझा हात लागला नाही, मी आपला पुस्तकात. शाळेत मराठी शिकवली, आयुष्यभर तेवढंच केलं. शेती केली ती महानंदानं, माझ्या बायकोनं, आणि तीही मी रिटायर झाल्यावर. काय सांगू तुम्हाला, पन्नाशी ओलांडलेली ही बाई मोसंबीची कलमं लावायला निघाली. मी म्हणालो, अगं, फळ धरायला सहा वर्षं लागतात. तर म्हणाली, मग गुरुजी, तसं बी सहा वर्षं तुमी कुठं जायलाव?

झाडांच्या मधल्या पट्ट्यात ती मूग घ्यायची, कांदा घ्यायची, मेथी तर इतकी की मला कंटाळा यायचा. म्हणायची, मोसंबी येईस्तोवर उपाशी बसावं का काय.

मागच्या हिवाळ्यात झाडं फळावर यायची झाली. मोसंबीचं असं असतं, थंडीत पाणी तोडायचं, महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की पाणी सोडायचं, मग फूल येतं. ताण देणं म्हणतात त्याला. तिनं ठिबकचा कॉक बंद केला आणि मला बजावलं, तुमाला बगवणार न्हाई गुरुजी, पण मी सांगितल्याबगर हात लावायचा न्हाई. आणि अकराव्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाली, परभणीला नेईस्तोवर गेली.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. शेतातच, मोसंबीच्या पहिल्या ओळीच्या शेवटी तिला बसवलं. मी रोज तिथं पुस्तक घेऊन बसायचो, पान पुढं जायचं नाही, आणि समोर तिची झाडं, पानं मुडपलेली, खाली मान घातल्यासारखी. शेजारचा बापूराव सांगायचा, आजून पंधरा दिस गुरुजी, दम धरा. ऐकू यायचं, आत जायचं नाही. एका दुपारी उठलो आणि कॉक उघडला, पूर्ण उघडला, दिवस मावळेपर्यंत चालू ठेवला.

आठवड्याभरात झाडं हिरवीगार. मला वाटलं, वाचवली. पुण्याहून आलेली आमची लेक सुनीताही म्हणाली, अप्पा, किती छान दिसायलीत. पण ती नुसती पालवी होती, फूल एक नाही. बापूराव हिंडून बघून आला, म्हणाला, मग गुरुजी, मोंढ्याच्या बाजारात पानाचा भाव काढू का? आणि माझ्या शेजारी खाली बसला.

तिची सहा वर्षं, आणि मला एक दुपार काढवली नाही.

यंदा कॉक मी बंद केला. सुनीता फोनवर म्हणते, अप्पा, शेत वाट्यानं द्या, इकडं या. मी म्हणतो, फळ उतरलं की येतो. कधी? भाद्रपद, आश्विन. म्हणजे नऊ-दहा महिने, अप्पा, आणि आज काय खाल्लं? खरं सांगायचं तर मी भाद्रपदातच राहायला गेलोय, आजची भाकरी टाकायची राहून जाते. दिवसातून चारदा शेतात जातो, माती उकरून बघतो, घरी येतो, चप्पल काढतो, परत घालतो. मोसंबीची पुस्तकं तीन आणली, तिन्हींत ताणाचे दिवस वेगळे. बापूराव म्हणतो, आजून आठ दिस. महानंदानं बांधावरनं नुसतं बघून सांगितलं असतं.

आज सकाळी एका पानाला बोट लावलं, गळून हातात आलं. दुसऱ्या झाडाचंही आलं. तिसऱ्याचं नाही आलं. तिथं बराच वेळ उभा राहिलो, आणि बापूरावाला न विचारता ठरवलं, सोमवारी पाणी सोडायचं. पहिलं हलकंच द्यायचं असतं. चुकेल, लय भीती वाटते, पण या खेपेला निदान झाडाकडं बघून ठरवलंय.

सोमवारला दोन दिवस आहेत अजून. तुम्ही लिहून घेत बसलात तेवढा वेळ मी शेतात गेलो नाही, बघा. आता उठू नका. दोघांपुरती खिचडी टाकतो. गरम जेवा आणि सुखात राहा.